सावलीचे फोटो

साडेतीनला पहिला फोटो येतो.
डंडीत पहाटेचे साडेतीन, डिसेंबर,
वॉर्डात एकच दिवा, तोही निळसर,
आणि मिस्टर गिलक्रिस्ट झोपेत कुणाला तरी
गाडी मागे घे, मागे घे, म्हणतायत.
फोनमध्ये वेंगुर्ल्याचे नऊ वाजलेत.
माझ्या घराचा स्लॅब, टाकीजवळ खडूची रेघ.
खाली तन्मयी लिहिते:
काकी, सावली हयसर इली.

सावंतवाडीच्या नार्वेकरांनी बजावलंय,
पॅनेल बसवायची तर आधी
डिसेंबरचं ऊन मोजा,
सूर्य सगळ्यात खाली असतो तेव्हाचं.
दक्षिणेला फणस आहे ना तुमच्या?
मग तासातासाने बघा, तो किती खातो.

डिसेंबरचं ऊन! मला हसूच आलं.
इथे ते पावणेनऊला उगवतं
आणि साडेतीनला दुकान बंद.
भर दुपारीसुद्धा सूर्य कमरेत वाकून
समोरच्या धुराड्यांमागून चालत जातो.
मला ऊन डॉक्टर लिहून देतात.
रोज एक गोळी, जेवणानंतर.

आणि छप्पर तरी कुठे आहे इथे?
माझं छत म्हणजे मिसेस लॉरिमर यांची जमीन,
त्यांच्या कुत्र्याची नखं.
छपराची हौस तिकडेच भागवायची.

नार्वेकरांचा फॉर्म: मंजूर भार किती.
कल सोळा अंश.
खारा वारा आहे, सांगाडा ॲल्युमिनियमचाच घ्या.
वांदर येतात का? येतात.
महिन्याला युनिट किती लागतात?

तिथे पेन थांबलं.
जुनी बिलं काढली. शून्य, शून्य, शून्य,
आणि एका मे महिन्यात अकरा.
तेव्हा तन्मयीच्या आईने
टाकीत पाणी चढवून ठेवलं होतं, आम्ही येणार म्हणून.
आम्ही गेलो नव्हतो.

नार्वेकर फोनवर जरा वेळ गप्प.
मग ताई, ही वीज हवी कुणाला?

मी उलट विचारलं,
न वापरलेली तारेत जाते ना?
तारेतून आधी कुणाकडे?
म्हणाले, जो जवळ असेल त्याच्याकडे.
वीज काय लांब जायला बघत नाही.

खरंय.
लांब जायला माणसंच बघतात.

साडेसहाला बाराचा फोटो.
सावली आखडून फणसाच्या पायाशी आलेली,
स्लॅब नुसता पांढरा, डोळ्यांना लागेल असा.
बाहेर अजून रात्र, बसच्या काचांवर बर्फ.
याच स्लॅबवर अण्णा आमसुलं वाळवायचे.
उन्हाचा हिशोब त्यांनी कागदावर कधी मांडला नाही.
सोल चिमटीत धरून बघायचे,
अजून दोन दिवस, एवढंच म्हणायचे.
फणस त्यांनीच लावला. कापा निघेल म्हणून लावला,
निघाला बरका.
तरी तोडला नाही.

साडेनऊ. तिकडचे तीन.
मी घरी, पायमोजे हीटरवर.
सावली जिन्याच्या बाजूला सरकलीय
आणि या वेळी खडूची रेघ नाही.
सावलीतच तन्मयी बसलीय, भूगोलाचं पुस्तक,
एक चप्पल उन्हात राहिलेली.
फोटो तिच्या भावाने काढलाय, वाकडा.

नार्वेकरांना लिहिलं:
आठ नकोत, पाच बसवा.
जिन्याकडची बाजू सोडा.
त्यांचं उत्तर आलं,
मग पैसे फिटायला चार वर्षं जास्त लागतील.
लागू देत, लिहिलं. मग खोडलं.
मग पुन्हा तेच लिहिलं.

शेवटचा फोटो पाऊण वाजता आला.
तिकडे सव्वासहा. काळोखात पोरीने फ्लॅश मारलाय,
स्लॅबचा एक चौकोन, त्यात तिचीच पावलं.
काकी, ऊन संपला.

पडदा सरकवून बघते.
इथे अजून पावणेतीन तास उरलंय.
झोप नंतर.
कोट चढवते.