उसना

पुन्ता अरेनासला वारा असा,
की चौकात धरायला दोर बांधतात.
जहाज तीन आठवड्यांनी यायचं तेव्हा,
खोक्यात बारा डिस्क,
आणि वाट बघणारी आम्ही चाळीस पोरं.

मिल्येन्कोच्या डिस्कवर ओरखडा होता,
तिसऱ्या पुलापाशी गेम हमखास अडायचा.
तरी ती सहा घरं फिरली,
परत आली तेव्हा डबीवर
कुणाच्यातरी बोटांचा जांभळा जॅम.

आता बाहेर वारा घोंघावतो
आणि कॉफी होईस्तोवर गेम उतरलेला असतो.
माझ्याकडे चारशे अकरा आहेत. खेळलेत तीस.
बाकीचे पहाटे तीनला, नव्वद टक्के सूट बघून घेतले,
खेळायला लागणाऱ्या रात्रीही जणू त्यातच मिळणार होत्या.

नावं तरी कुठल्या तोंडानं ठेवू?
स्वयंपाकघरात बसून मी केलेला गेम,
एक मेंढ्या राखणारा कुत्रा आणि वारा, बस्स,
याच दुकानात आहे. शंभरातले तीस ते कापतात.
ते नसते, तर फिनलंडातल्या कुणा बाईनं
मला कशाला विचारलं असतं,
कुत्र्याचं नाव काय म्हणून?

काल शेजारचा इवो दारात.
"यास्ना, तो पुलांचा गेम दे ना, दोनच दिवस."
यादीत आहे. पैसे भरलेत.
पण हातात काय ठेवू त्याच्या?
दुकानानं तो विकायचाच बंद केलाय.
कपाट माझं, किल्ली त्यांची.

मग त्यालाच बसवलं माझ्या खुर्चीत.
तिसरा पूल आला, मी सवयीनं श्वास धरला.
काहीच अडलं नाही.
इवो पुढे निघून गेला.