घट

दाराचे पत्रे उतरवले तेव्हा
सातेरीच्या देवळात नुसतं लाकूड उभं राहिलं,
फणसाचं, पिवळट,
खिळ्यांच्या भोकांनी देवी येऊन गेलेल्या तोंडासारखं.
समितीची माणसं दुसरीकडे बघत बसली.
आम्ही पत्रे गोणपाटात गुंडाळले, टेम्पोत घातले
आणि म्हापशाला दुकानात आणले,
जिथून ते निघाले होते शके अठराशे चोपन्नात
बैलगाडीतून, वर गवत टाकून.

चोपडी आहे. मोडीतली.
वाळवीनं कडा खाल्ल्या, आकडे सोडले.
माझ्या आज्याचं, सगुण शेटाचं अक्षर:
'श्रीसातेरीचे दार. चांदी तोळे बाराशे चाळीस.
मजुरी नाही. नारळ एक, पावला.'
त्याच पानावर खाली:
'कपेलातला सूर्य, ओस्ती ठेवण्याचा. किरणे बत्तीस.
रुपये अठरा. पाद्रीने दोन हप्त्यांत दिले.'

किरणांचा ठसा एकच.
देवीच्या प्रभावळीलाही तोच लागला.
अजून आहे माझ्याकडे,
ठोके खाऊन त्याचं डोकं अळंब्यासारखं पसरलंय.

पोर्तुगीज गेले त्याच्या पुढच्या वर्षी
धाकूकाकानं बेळगावहून एक टाकी आणली,
दोन तारा, आणि बाटलीभर विष.
पितळेचा कप आत सोडायचा,
बाहेर काढायचा तो चांदीचा.
'राळ नको, ठोका नको, घाम नको.'
'मग चांदी तरी कशाला हवी?' आज्या म्हणाला,
आणि टाकीकडे पाठ करून बसायला लागला.
पण फुटबॉलच्या कपांनीच आमचं घर शाकारलं.
कुठल्या गावानं जिंकला ते काकाला कधी कळलं नाही.
कपाचे दोन्ही कान सारखे बसले की त्याचा सामना संपे.
दोन वर्षांत मुलामा उडे, पितळ दात काढे,
कप परत येई.
'धंदा म्हणजे काय, परत येणं,' काका म्हणे.
आज्याचं काहीच परत येत नसे.

आज आलं.

ऊर्वीनं काटा मांडला.
राळ खरवडली, खिळे वेगळे काढले,
एकेक पत्रा ठेवत गेली.
ग्रॅमचे तोळे केले, पुन्हा केले,
आणि काही न बोलता चोपडी माझ्याकडे सरकवली.

सदतीस तोळे कमी.

'चांदी उलयना,' आज्या म्हणायचा, 'तागडी उलयता.'

सदतीस तोळ्यांत तेव्हा काय काय आलं असतं?
थोरल्या आत्याचं लग्न त्याच वर्षीचं.
हे मला आत्ताच का आठवावं?

मी पत्रे उलटे केले. मग सुलटे.
डाव्या हत्तीला सोंड उरली नाही, नुसती चकाकी.
द्वारपालाचं नाक गेलंय, गुडघा गेलाय,
जिथे जिथे माणसाचा हात पोचतो, कपाळ टेकतं,
तिथे कागदासारखा पातळ.
दर जत्रेआधी वाड्यावरची पोरं
चिंच आणि राख घेऊन दाराला भिडायची.
काळं पाणी उंबऱ्यावरून पाटात,
पाटातून शेतात.
मीही घासलंय लहानपणी, जोर लावून,
आज्या बघतोय म्हणून जास्तच.

झीज की चोरी
ते पत्रा सांगत नाही.
दोन्हींनी तो सारखाच हलका होतो.

समितीचा फोन वाजला, वाजून थांबला.
'लिही,' मी ऊर्वीला म्हटलं. 'भरले बाराशे तीन. घट सदतीस.'
'कारण?'
'तो रकाना राहू दे.'

संध्याकाळी झारेकरीण आली, पायरीवरची धूळ न्यायला.
तीन पिढ्या आम्ही धूळ विकतो, न मोजता.
आज पहिल्यांदाच विचारलं,
'किती गं निघतं यातून?'
ती कुंचा थांबवून हसली.
'तुमच्या आज्यानं पण विचारलं होतं म्हणे,' म्हणाली,
'आमच्या म्हातारीला.
एकदाच.'