छत्तीस

आमच्या शास्त्रात खालच्या डाव्या पहिल्या दाढेचा नंबर छत्तीस.
सत्यवती गावसची दुखते ती हीच.
वाळपईच्या बाजारामागचा जिना ती चढून आली,
गालाला पदर दाबून,
आणि दुधाच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं योजनेचं कार्ड.

एस्पेरांसा यंत्राची काच पुसते. अंगठा ठेव, बाये.
जुळत नाही.
परत ठेव. जुळत नाही.
वीस वर्षं काजूच्या कारखान्यात
टरफलाचं तेल बोटांवर चढत गेलं,
रेषा केव्हा जळाल्या, तिलाही आठवत नाही.
ती आपल्याच बोटांकडे बघते
उसनी आणलेली वस्तू खोटी निघावी तशी.
शेवटी डाव्या करंगळीला यंत्र मानतं.
करंगळीनं कोणी काजू सोलत नाही.

तोवर बाहेरचे दोघे उठून गेले होते,
रोख देणारे.
त्यातला एक पोर्तुगालहून सुट्टीवर आलेला,
त्याला दात पांढरे करून हवे होते.

एक्स-रे उजेडाला धरला.
कीड नसेपर्यंत पोचलेली, मुळं दोन्ही धडधाकट.
"वाचेल," मी म्हटलं. म्हणायला नको होतं.
यादीत दाढ काढणं आहे. वाचवणं नाही.
काढण्याचे एकशे ऐंशी,
त्यात भूल, सुई, हातमोजे, कापूस
आणि काही उरलं तर माझं मनगट.
हा दर ठरला तेव्हा मी कॉलेजात शिकत होते.
मडगावचा लवंदे अजून उधारीवर माल पाठवतो,
बिलाखाली पूर्वी 'लोभ असावा' लिहायचा,
हल्ली नुसतं 'कळावे'.

वाचवायचा खर्च सांगितला.
तिनं त्याच बोटांवर हिशोब मांडला,
किलोमागे किती, दिवसाला किलो किती.
बोटं दोनदा संपली.
"आनी काडूंक?"
"काही नाही. कार्डावर."
"तर काड."

फुकट वाचवता आली असती.
गेल्या महिन्यात अशा चार वाचवल्या,
आणि एस्पेरांसाचा पगार बारा तारखेवर गेला.
ती बोलली नाही काही. फक्त त्या आठवड्यात
दुपारचा चहा तिनं एकाच कपापुरता केला.

हेही मनात आलं:
कागदावर काढावी, तोंडात ठेवावी.
सरकारदरबारी दाढ नसलेली बाई
त्याच दाढेनं चावत राहील.
हसू आलं. पण खोटं लिहायला मी भिते.
प्रामाणिक म्हणा हवं तर.

चांगली मुळं सहजी हाड सोडत नाहीत.
अर्धा तास लागला.
तिनं हूं की चूं केलं नाही,
खुर्चीचा हात तेवढा करकरत होता
(तिचे अजून एकतीस हप्ते आहेत).
ट्रेमध्ये ठेवलेली दाढ ओली, भरदार,
बघवेना.
पुराव्यासाठी फोटो काढून पाठवला.

नवव्या दिवशी उत्तर:
दावा नामंजूर. दाढ वाचवण्याजोगी होती.
काढण्याचे कारण दोनशे अक्षरांत कळवावे.

बरोबर आहे त्याचं.
कुठल्या तरी टेबलावरचा माझ्यासारखाच कोणी,
नजर अजून शाबूत असलेला.
चौकट उघडून लिहिलं, आपलीच यादी वाचावी.
पुसलं.
लिहिलं, रुग्णाच्या इच्छेनुसार.
तेही खोटं नव्हतं. पुसलं.
फॉर्मवर तीन आणि सहा
पाठीला पाठ लावून बसलेले.

संध्याकाळी जिन्याखाली गेले.
'येथे योजनेचे कार्ड स्वीकारले जाते.'
स्क्रू चार. तीन निघाले.
चौथा गंजून भिंतीचाच झालेला,
माझ्या हाताला दाद देईना.
पाटी तिरकी लोंबत राहिली,
मान वाकडी केली की वाचता येते.

सकाळी खालून कोणी विचारलं,
"हांगा कार्ड चलता न्हय?"
एस्पेरांसा माझ्याकडे बघत उभी.
मी म्हटलं,
हात साबणानं धुवून यायला सांग त्याला.
दहाही बोटं.