रकाना चौदा

पारडीच्या पुढे, भंडारा रोडच्या डाव्या अंगाला,
पत्र्याच्या शेडमध्ये मिरचीचा सातरा.
मे महिना. पारा पंचेचाळीस.
दारातच मला लागोपाठ सात शिंका आल्या
आणि साठ बाया एकदम हसल्या.
अशी माझ्या क्षेत्रकार्याची सुरुवात.

हातात अठ्ठावीस पानांची प्रश्नावली,
दिल्लीत बेतलेली, पुण्यात मराठी झालेली;
मलाही एकेक प्रश्न दोनदा वाचावा लागतो:
‘गत संदर्भ-सप्ताहात आपण सरासरी किती तास
वेतनार्थ श्रम केले?’
सयत्राबाई नन्नावरे ढिगातून मान वर न करता म्हणाल्या,
"काय म्हंते व हे पोट्टी?"
शेजारची म्हणाली, "कवा येतं, कवा जातं, इचारते."
"तास कोन मोजते बाप्पा. किलो मोजतेत."

रकाना चौदा: तास.
रकान्यात किलो मावत नाही.
मग मीच घड्याळ लावून हिशेब मांडला,
चिमटीत देठ, देठाला पीळ, टक्,
मिरची टोपल्यात, देठ पायापाशी,
एका मिरचीला किती सेकंद, एका किलोत किती मिरच्या,
आणि पुन्हा शिंकले.

दिवाणजीला हजेरीपट मागितला.
त्यानं वजनकाटा दाखवला.
"मॅडम, ह्या कामगार नाहीत. आपल्या मर्जीनं येतात."
किमान वेतनाची अधिसूचना माझ्या पिशवीत होती,
परिशिष्टासकट, घामानं थोडी ओली.
ती तिथंच राहिली.

"लेकरू कोण घेतं संध्याकाळी?"
हा प्रश्न छापलेला नव्हता.
"सासू घेते. मी हात ताकात बुडवून बसतो रातभर.
घेतलं तं रडते ना थे, आंग जळते त्याचं."
मी समासात लिहिलं.
प्रशिक्षणात सांगितलं होतं,
समासातलं संगणकात जात नाही.

मग तिनं विचारलं, "तुले किती भेटते?"
कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.
एका फॉर्मचे एकशे ऐंशी, म्हटलं.
"अन् फारम अर्धाच रायला तं?"
तर नाही मिळत.
तिनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं,
बूड टेकायला पोतं सरकवलं.
"मंग बस."

बसले. अर्धा तास काही विचारलं नाही.
माझ्या तोडल्या मिरच्या पाऊण किलोही नव्हत्या,
देठाबरोबर टोपणही उपटत होते म्हणून तिनं दोनदा टोकलं.
त्या तिच्याच टोपल्यात गेल्या.
पद्धतिशास्त्राच्या दृष्टीनं
माझा नमुना तिथंच नासला.

परतताना वर्धमाननगरच्या सिग्नलला डोळा चोळला.
हिरवा कधी झाला, दिसलंच नाही.
मागच्या ऑटोवाल्यानं माझ्या खानदानाची विचारपूस केली.

जुलैत सिव्हिल लाइन्समध्ये बैठक.
गार खोली, काचेचे पेले, खारे काजू.
दशांशचिन्हानंतर दोन आकडे ठेवायचे की एक,
यावर वीस मिनिटं गेली.
मग साहेबांनी तक्त्यावर बोट ठेवलं:
"रकाना चौदा. साठपैकी साठ अठ्ठ्याण्णव?"
अठ्ठ्याण्णव म्हणजे ‘माहीत नाही’, मी म्हटलं.
"स्वतःच्या कामाचे तास माहीत नाहीत बायांना?"
कोडपुस्तकात एवढंच आहे, सर, ‘माहीत नाही’.
कुणाला, ते दिलेलं नाही.

कुणीतरी घसा खाकरला.
साहेबांनी खात्री करायला मूळ फॉर्मचा गठ्ठा मागवला,
सदतिसावा काढला, झटकून उघडला.
घडीतलं काहीतरी तांबूस टेबलावर सांडलं.

एक. दोन. तीन.
मी मोजत राहिले,
सवयीनं.