वजनकाटा

एकतीस वर्षं मी ही दरी तोलली.
रिकामा ट्रक आत, भरलेला बाहेर,
वजाबाकी वहीत.
काट्यावरच्या खोलीला एकच खिडकी
आणि खिडकीत समोरची टेकडी,
दर सोमवारी थोडी कमी.

आजोबा जेबेझ भट्टीवर होते.
कळीच्या चुन्यानं त्यांचा डावा डोळा नेला.
उजव्यानं ते आम्हाला दगडातले स्क्रू शोधून देत:
बोटाच्या पेराएवढे, नीट आटे पाडलेले.
"कुणाचं तरी यंत्र खिळखिळं झालं असणार," म्हणत,
आणि एक खिशात टाकत.

पुढे शेफील्डहून एक बाई आली, हातोडी घेऊन.
म्हणाली, हे देठ आहेत,
समुद्राच्या तळाशी फुलांसारखे डोलणाऱ्या प्राण्यांचे.
म्हणाली, तेव्हा डर्बीशायर विषुववृत्तापाशी होतं,
पाणी कोमट, उथळ, निळं.
किती वर्षं झाली? मी विचारलं.
तेहतीस कोटी, ती म्हणाली,
आणि मी सवयीनं लिहून घेतलं
टनांच्या रकान्यात.

दीड वाजता भोंगा.
भोंग्याआधीच कुत्रा टेबलाखाली.
तिकडे वडील वात पेटवत,
इकडे फडताळात कपबशा किणकिणत,
मग दरीभर पीठ.
आई कपडे फक्त रविवारी वाळत घाली, खाण बंद म्हणून,
आणि चॅपलमधे बोलणी खाई.

कुठे गेलं ते सगळं?
पोलादात गेलं, साखरेच्या कारखान्यात,
बर्मिंगहॅमच्या रस्त्यांखाली,
कोंबड्यांच्या खाद्यात, टूथपेस्टमधे.
चॅपलकडे जाणारी गल्लीसुद्धा गेली,
एका मंगळवारी, बावीस ट्रक.
तिचं वजन माझ्याच अक्षरात आहे.

कंपनीनं जाताना पंप बंद केले.
पाणी चढत आलं,
पुन्हा निळं, इतकं निळं
की मॅंचेस्टरहून पोरं उड्या मारायला आली.
चुन्याचं पाणी ते, कातडी सोलतं;
पाट्या कुणी वाचेना,
तेव्हा कौन्सिलनं त्यात काळा रंग ओतला.
मी कठड्याशी उभी होते.
समुद्र दुसऱ्यांदा गेला.

आता कड्यात बहिरी ससाण्याचं घरटं,
टाकाऊ चुऱ्याच्या ढिगावर जांभळी ऑर्किडं.
लोक फोटो काढतात, मला विचारतात,
हे सगळं पहिल्यापासूनच असं का?
मी म्हणते, हो, जवळजवळ.

दगडाला पाझर फुटत नाही म्हणतात.
इथे दगडाला तेवढंच येतं.
त्यातून झिरपलेलंच पाणी माझ्या नळाला,
आणि किटलीच्या बुडाशी
महिनाभरात पांढरा कडक थर.
काल तो चमच्यानं खरवडला,
फेकणार होते,
मग केकचं पीठ मोजायच्या काट्यावर ठेवला.

अकरा ग्रॅम.

माळ्यावरून वही काढली.
जमेच्या बाजूला
एकतीस वर्षांत एकही ओळ नव्हती.
तारीख घातली.