सोल

केपेच्या सिमेंटरीत, क्रूसावर
अक्षरं मीच काढली : प्रे फॉर हर सोल.
पाद्री म्हणाले, "सगुण, घोळ केलास.
आत्म्याचं स्पेलिंग वेगळं.
हा तर तळवा,
चपलेचा, नाहीतर पायाचा."
थिनरची बाटली पुढं केली.

एस्पेरान्साची लेक हसली नाही.
"राहू दे," म्हणाली,
"आई अनवाणीच हिंडली जन्मभर,
डोक्यावर पाटी, पाटीत लेपो.
त्या मासळीलाही इंग्रजीत सोलच म्हणतात ना?
अंगणात सोलं वाळायची,
रात्री टाचांच्या भेगांत ती कोकमतेल भरायची.
आत्म्याचं बघेल देव.
पाय फार दुखायचे तिचे."

बाटलीचं बूच मी परत लावलं.
फरशी तापली होती.
वहाणा काढून ठेवल्या,
आणि राहिलेला पूर्णविराम दिला.