नावं ठेवणारे

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
शेफील्डमधल्या एका पबच्या माडीवर
आम्ही नऊजण जमतो, कधी सहा,
बर्फ असलं की तिघं आणि पबवाल्याचा कुत्रा.
धंदा काय, विचारलंत तर सांगणं अवघड.
आईला एकदा फोनवर म्हटलं, आम्ही नावं ठेवतो.
ती म्हणाली, त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं,
आपल्या गल्लीत काय कमी होतं?

पण खरंच, तेच करतो.
कुठल्या दारावर कुठली पाटी,
काय कशाच्या पोटात,
कुणी काही शोधत आलं
तर त्याला आधी काय दिसावं.
इफेओमा विद्यापीठाचे अभ्यासक्रम लावते.
ग्विलिम इस्पितळाचं पाहतो : दोन वर्षं भांडून
त्याने 'बाह्यरुग्ण' हा शब्द बाहेर काढला
आणि अजून त्याचीच गोष्ट सांगतो.
टोबायसकडे चौदा हजार प्रकारचे स्क्रू आहेत.
तो कमी बोलतो.

बेरिल वाचनालयातून निवृत्त झालेली.
कानामागे पेन्सिल, आणि आल्याची बिस्किटं
ज्या डब्यातून आणते त्यावर लिहिलंय 'बटणं'.
आमच्यात एवढी एकच खोटी पाटी चालते.

मार्चमध्ये माझा नंबर होता.
मी नगरपालिकेत आहे. साठ कार्डं नेली,
प्रत्येकावर माणसाची एकेक अडचण :
पार्किंगचा परवाना, शाळाप्रवेश, फुटपाथवरचा खड्डा,
जुना सोफा न्यायला या, उंदीर.
सारखं सारख्याशी ठेवा, म्हटलं,
मग प्रत्येक ढिगाला नाव द्या.
उंदरावरून जुंपली.
ग्विलिम म्हणाला, आरोग्य.
टोबायसचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला :
घर! उंदीर घरात असतो!
कुत्रा उठून बसला.

बेरिलच्या हातात एकच कार्ड होतं, बराच वेळ.
मृत्यूची नोंद.

'फेब्रुवारीत,' ती म्हणाली, 'हे मी शोधत होते.
पहाटेचे तीन. नॉर्मनचा चष्मा माझ्या हातात होता.
तुमच्या पानावर लिहिलं होतं,
जन्म, विवाह आणि बरंच काही.
त्या बरंच काहीवर बोट ठेवायला
मला वेळ लागला.'

कुणी ग्लास उचलला नाही.

ते दोन शब्द माझे होते.
बैठकीत ठरलं होतं, पहिल्याच पानावर तो शब्द नको,
लोकांना कसंतरी होतं.
मी तर लगेच मान डोलावली होती.
आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते.
कुंकू संपत नाही, वाढतं.
दिवासुद्धा विझत नाही, शांत होतो.
न बोलायचं ते गोड करून ठेवायची
सवय मला लहानपणापासूनची,
इथे तिचा पगार मिळत होता इतकंच.

'ते मी लिहिलं,' म्हटलं.
बेरिलने पेन्सिल कानामागून काढली,
पुन्हा तिथेच खोचली.
'वाटलंच. कुणीतरी जपून लिहिलेलं दिसत होतं.
पण रात्री तीनला, बाई,
माणसाला जपून लिहिलेलं वाचता येत नाही.'
आणि बटणांचा डबा माझ्यापुढे सरकवला.
मी दोन घेतली.

मग ढिगांना नावं दिली, घाईघाईत.
उंदीर शेवटी घरातच राहिला.
इफेओमाने फळ्याचा फोटो काढला,
तिच्या अंगठ्यासकट.

ते शब्द बदलायला
पाच मिनिटं लागली आणि चार सह्या.
मधली सही सुट्टीवर होती.
आता तिथे सरळ 'मृत्यू' आहे,
जन्माच्या शेजारी, तेवढ्याच जाडीच्या अक्षरांत.
एक तक्रार आली. मी ती ठेवून दिलीय,
कशात, ते अजून ठरवलं नाही.

पण त्या रात्री, उतारावरून जाणाऱ्या ट्राममध्ये,
रबर लावण्याआधी कार्डं मोजली.
एकोणसाठ.
पुन्हा मोजली.
कुठलं नाही ते बघितलं नाही,
रबर लावलं.